योगवर्ग घेते, समुपदेशनाकडे वळायचंय. या वाटेने गेलेलं कुणी आहे का?

म्हापशेकरीण

नमस्कार. वय ३४, बी.कॉम., नऊ वर्षं योगवर्ग घेते. मागच्या महिन्यात शवासन संपलं, सगळे उठले, पण एक बाई उठेचनात. डोळ्यांच्या कडेने पाणी ओघळून कानात जात होतं. मला काही सुचलं नाही. "दीर्घ श्वास घ्या" म्हटलं आणि ओंकाराला सुरुवात केली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून वाटतंय की हे काम नीट शिकावं. शनिवार-रविवारचा एक कोर्स आहे, दोन दिवसांत 'होलिस्टिक थेरपिस्ट' असं प्रमाणपत्र मिळतं. पैसे अजून भरलेले नाहीत. शरीर आणि मन दोन्ही धरून काम करणारं कुणी इथे असेल तर तुम्ही या कामात कसे आलात ते सांगाल का? अगदी सुरुवातीपासून सांगितलंत तरी वाचेन.

डिचोलीची सिस्टर

बाय, सुरुवातीपासूनच सांगते, कारण माझी वाट घरातूनच निघाली.

माझं माहेर गोव्यात, डिचोली तालुक्यातल्या खाणपट्ट्यात. बांबोळीला बी.एस्सी. नर्सिंग केलं आणि मग सतरा वर्षं वॉर्डात काढली. धाकट्या भावाचे खनिज वाहणारे दोन टिप्पर ट्रक होते, दोन्ही कर्जावर. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि टिप्पर घरामागच्या माळावर उभे राहिले ते राहिलेच. हौद्यात लाल माती उरली होती, पुढच्या जूनमध्ये तिच्यात गवत उगवलं. भाऊ रोज तिन्हीसांजेला केबिनमध्ये चढायचा, चावी फिरवायचा, पाचेक मिनिटं इंजिनचा आवाज ऐकायचा आणि बंद करून उतरायचा. तिथून थेट बारमध्ये.

आईने देवळात कौल लावला, प्रसाद घेतला. मीठ-मिरच्यांनी त्याची दृष्ट काढली. मी शिकलेली, मी त्याला लिव्हरचे रिपोर्ट दाखवले, मुलांची शपथ घातली, ओरडले. आज मागे वळून बघते तेव्हा दिसतं की आई दृष्ट काढायची तेवढा वेळ तरी तो शांत बसायचा. माझ्यासमोर तो कधीच बसला नाही.

शेवटी त्याला आरोग्य केंद्रात घेऊन गेले. तिथे एक मुलगी होती, पंचविशीची असेल. डॉक्टर नव्हती, मानसशास्त्राची पदवीही नव्हती, फक्त या कामाचं प्रशिक्षण घेतलेली. तिने दारूचा विषयच काढला नाही. विचारलं, "सकाळी उठल्यावर पहिलं काय करता?" भाऊ म्हणाला, "चाव्या शोधतो. मग आठवतं, जायचं कुठेच नाही."

ती गप्प राहिली. मी मध्ये बोलणार एवढ्यात तिने टेबलाखालून हात जरासा उचलून मला थांबवलं. चांगला मिनिटभर कुणीच बोललं नाही. आणि मग माझा भाऊ पाऊण तास बोलत होता. बँकेतल्या माणसाचा फोन आला की तो न्हाणीघरात जाऊन नळ सोडून ठेवायचा, हे मला त्या दिवशी कळलं. मी एवढी वर्षं त्याची बहीण आणि एवढी वर्षं नर्स.

तिने त्याला एकच काम दिलं: उठल्यावर चहाच्या आधी कुळागरात, म्हणजे आमच्या पोफळीच्या बागेत जाऊन पाटाचं पाणी वळवायचं आणि केलं की वहीत टिंब द्यायचं. पुढे शिकताना कळलं की ही रीत तपासून पाहिलेली आहे. 'सांगात' या संस्थेने, जी १९९६ मध्ये गोव्यातच सुरू झाली, आपल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये अशा साध्या, प्रशिक्षित माणसांकडून समुपदेशन करून पाहिलं. नैराश्यासाठी सहा ते आठ भेटी, दारूसाठी त्याहून कमी. त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेत.

मी इग्नूतून, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठातून, घरी बसून मानसशास्त्रात एम.ए. केलं. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, मला रात्रपाळ्या सांभाळून चार लागली. पण मी खरी शिकले ती नंतर, सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे अनुभवी समुपदेशकाच्या देखरेखीखाली. प्रत्येक भेटीची नोंद जशीच्या तशी लिहून न्यायची, समोरच्याचं नाव-गाव न देता. माझ्या मॅडम, मी जिथे जिथे सल्ला दिला तिथे लाल रेघ मारायच्या. पहिल्या नोंदीत अकरा रेघा निघाल्या. समुपदेशन या शब्दाच्या पोटातच 'उपदेश' बसलाय, तो आधी गिळायला शिका, हे त्यांचं वाक्य मी अजून जपलंय. स्वतः समोरच्या खुर्चीत बसून बोलायलाही त्यांनीच लावलं. भावाबद्दलचा माझा राग मला तिथे सापडला.

आता 'होलिस्टिक'बद्दल. पाटीवर मीही तो शब्द लिहिते, पण माझ्यासाठी त्याचा अर्थ साधा आहे. पहिल्या भेटीत झोप, भूक, पाळी, चालू गोळ्या आणि थायरॉइड कधी तपासलं होतं, हे विचारते. उदास, जड, काही करावंसं वाटत नाही अशी आलेली माणसं कधीकधी थायरॉइडची निघतात. त्यांना माझ्या खुर्चीआधी रक्ततपासणी हवी असते. मग श्वास. श्वास सोडणं घेण्यापेक्षा थोडं लांबवायचं. मुठी, खांदे, जबडा एकेक आवळून सैल सोडायचे. आणि डोळे मिटायची सक्ती कुणालाही करायची नाही. ज्याच्यावर काही बेतलेलं असतं त्याला मिटल्या डोळ्यांसमोर तेच दिसतं. तुमच्या शवासनात हे रोज कुणाचं तरी होत असेल.

पणजीला मांडवीच्या काठी आबे फारिया या संमोहन करणाऱ्या पाद्रीचा पुतळा आहे ना, खाली कलणाऱ्या बाईवर हात पसरलेला? त्याच्याजवळून गेले की मी थांबते. कांदोळीला जन्मलेल्या या माणसाने १८१९ च्या सुमाराला पॅरिसमध्ये हेच मांडलं होतं, की संमोहन करणाऱ्याकडून कसलीच शक्ती वाहत नाही, जे होतं ते समोरच्याच्या मनातून होतं. पुतळ्यातले हात मात्र सगळी शक्ती त्याचीच असल्यासारखे दिसतात. आपल्या कामात हात असे पसरायचा मोह फार होतो.

दोन दिवसांच्या कोर्सला पैसे घालू नका. माझ्यासारखं इग्नूतून करा.

तारवटी_बार्देस

सिस्टरांनी गोळ्यांचं ओझरतं लिहिलंय, मी त्यावरच लिहितो. मी जहाजावर काम करतो. नैराश्यासाठी डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, बरा होतो. सुट्टीत घरी आलो तेव्हा ओळखीतून एका हीलरकडे गेलो, नाव घेत नाही. "ही रसायनं शरीरातून काढा, तेव्हाच ऊर्जा वाहील" असं सांगितलं. मी एका दिवसात सगळ्या बंद केल्या. चार दिवसांत डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं व्हायला लागलं, चक्कर यायला लागली आणि झोप गेली. त्यांना फोन केला तर म्हणाले, शुद्धी चालू आहे.

बायकोने मला परत डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि वर्षभराने, हळूहळू कमी करत, त्यांनीच थांबवल्या. त्या वेळची बोट मात्र हुकली.

ताई, तुम्ही या कामात या, जरूर या. तुम्हाला त्या रात्री झोप लागली नाही, यावरूनच मला तुमच्याबद्दल भरवसा वाटतो. फक्त कुणाच्या गोळीला हात लावू नका. आणि रात्री-अपरात्री कुणी मरणाची भाषा केली तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर द्या, चोवीस तास चालू असतो.

फोंड्याचा_वाचक

सिस्टर, एक दुरुस्ती. इग्नूची वाट आता बंद आहे. जुलै-ऑगस्ट २०२५ पासून मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने चालवायला यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, मनाई केलीय. हे विषय २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याखाली येतात म्हणून. आता वर्गात बसूनच एम.ए. करावं लागेल. माझ्या मुलीसाठी चौकशी केली तेव्हा कळलं. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणवून घ्यायचं तर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते, ते वेगळंच.

डिचोलीची सिस्टर

बरं झालं सांगितलंत, मला हे माहीत नव्हतं. बाय, मग नियमित एम.ए.चं बघा. वेळ लागेल, पण योगवर्ग सोडू नका, तोच तुमचा पाया आहे.

तारवटी, तुमचं वाचून घसा दाटून आला. वॉर्डात अशा गोळ्या अचानक बंद केलेले मी पुष्कळ पाहिलेत. तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा.

आणि त्या शवासनातल्या बाई अजून येतात का? येत असतील तर एम.ए.ची वाट बघू नका. वर्ग संपल्यावर त्यांच्याजवळ बसा. "त्या दिवशी तुम्हाला रडू आलं ते मी पाहिलं, आणि मी पुढे गेले" एवढं म्हणा. कारण विचारू नका. त्या बोलल्या तर ऐका, नाही बोलल्या तर नाही.

म्हापशेकरीण

कोर्सचे पैसे भरले नाहीत. सगळ्यांचे आभार.

बाई गुरुवारी आल्या होत्या. सिस्टर, तुम्ही सांगितलं तसंच म्हटलं, पण माझाच आवाज कापत होता. त्यांनी बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. मी मनात चारदा "दीर्घ श्वास घ्या" म्हटलं आणि चारही वेळा गिळलं. मग त्या म्हणाल्या, "सासूबाई शेवटी अशाच उताण्या पडून असायच्या. मी त्यांना पाणी द्यायला उशीर केला." एवढंच.

मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने त्या उठल्या आणि न सांगता चटया गुंडाळायला लागल्या. दोघींनी मिळून बावीस चटया गुंडाळल्या. पुढच्या गुरुवारी शवासनात त्यांना कुशीवर झोपायला सांगणार आहे.