तळणीचं तेल गाडीत: थेट नको, बायोडिझेल करून

वर एकांनी लिहिलंय की डिझेल गाडीत तळणीचं तेल नुसतं गाळून घातलं तरी चालतं, धूरही कमी होतो. इंजिन चालू होईल हे खरं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात शेंगदाणा तेलावर डिझेल इंजिन चालवूनच दाखवलं होतं. पण आजच्या कॉमन रेल (म्हणजे इंजिनात खूप जास्त दाबाने डिझेल फवारणाऱ्या) गाडीत कृपा करून हे करू नका! तेल डिझेलच्या साधारण दहापट घट्ट. इंजेक्टरच्या, म्हणजे इंधन फवारणाऱ्या भागाच्या, बारीक भोकांतून नीट फवारा होत नाही, तेल अर्धवट जळतं आणि टोकाशी काजळीचा थर धरतो.

त्याचं आधी बायोडिझेल करावं लागतं. तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घालून कोमट ठेवून ढवळलं की तळाशी तपकिरी, चिकट ग्लिसरीन बसतं आणि वर पातळ इंधन. (मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही, घरी हा उद्योग नकोच.) यात गंधक जवळजवळ नसतं, काजळीही कमी, नायट्रोजनची ऑक्साइडं मात्र किंचित वाढतात.

मला तर मोठा फायदा हा वाटतो की काळं झालेलं तेल पुन्हा भज्यांच्या कढईत जात नाही. असं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवायला एफएसएसएआयची (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) 'रुको' योजना २०१८ पासून आहे. ओळखीच्या हॉटेलवाल्यांना हे जरूर सांगा.