प्रतिसाद: पकड खडीत असते, डांबरात नाही

वर म्हटलंय की पहिल्या पावसात गाड्या घसरतात त्याला चालकच जबाबदार. अर्धं पटतं. पण वळणावर आणि सिग्नलच्या अलीकडे, जिथे रोज हजारो चाकं ब्रेक मारतात, तिथली खडी घासून गोट्यासारखी गुळगुळीत होते. वरून धूळ, ऑइल आणि पहिली सर. मग साबणावरच गाडी चालवा!

खडबडीतपणा दोन प्रकारचा. दगडाच्या अंगचा बारीक, हाताला सँडपेपरसारखा लागणारा. आणि खडी-खडीमधल्या फटींचा, ज्यातून चाकाखालचं पाणी निसटतं. दुसरा नसेल तर वेगात टायर पाण्यावर तरंगतो. काँक्रीटच्या रस्त्यावर म्हणूनच काँक्रीट ताजं, ओलं असताना आडव्या रेघा ओढतात. त्या झिजल्या की पुन्हा खाचा पाडाव्या लागतात, त्या मात्र आडव्याच बऱ्या, उभ्या खाचांत दुचाकी डुलते (स्वानुभव).

धोक्याच्या वळणांवर भाजलेल्या बॉक्साइटची (ॲल्युमिनियमचं खनिज, भाजल्यावर फार कठीण) बारीक खडी इपॉक्सी या घट्ट गोंदाने चिकटवतात. ब्रिटनमध्ये हे 1960च्या दशकापासून चालू आहे. महाग आहे, पण अख्खा घाट कुठे करायचाय? मोजकी वळणं पुरेत. आणि झेब्रा पट्ट्यांच्या जाड, गुळगुळीत रंगाबद्दल कुणीच कसं बोललं नाही? स्कूटरवाल्यांना विचारा.