आकृतिबंधाचे तुकडे एकाच रंगाचे हवेत की रंगीत?

पाटीपेन्सिल: चार-पाच वर्षांच्या मुलांना आकारांचे आकृतिबंध, म्हणजे ठरावीक क्रम पुन्हा पुन्हा येणाऱ्या रांगा, शिकवायच्या तर तुकडे एकाच रंगाचे हवेत, असं माझं ठाम मत. तयार संचांत बऱ्याचदा त्रिकोण सगळे लाल, गोल सगळे पिवळे. मूल लाल-पिवळा-लाल-पिवळा लावतं, आपण खूश. आकाराकडे त्यानं बघितलेलंच नसतं. तीच रांग नुसत्या निळ्या तुकड्यांनी लावायला सांगा, लगेच कळेल.

गोलमटोल: दुखणं बरोबर ओळखलंत, औषध चुकलं. 'तेच पुन्हा पुन्हा' ही कल्पनाच नवी असताना रंगाचा आधार काढून कसं चालेल? पहिले तीन गट (त्रिकोण-गोल हा एक गट) रंगीत मांडा, पुढचे तुकडे पांढरे द्या. तीन गट हवेतच. त्रिकोण-गोल एकदाच मांडून 'पुढे काय?' विचारलंत, तर चौकोन ठेवणारं मूलही चुकलेलं नसतं!

काडीपेटी: रंगावरून भांडताय, पण दोघंही एकाआड एकच्या पुढे जात नाही. गोल-गोल-चौकोन द्या, बरीच मुलं पुढे गोल-चौकोन-गोल-चौकोन लावतात, कारण त्यांच्या लेखी नियम एकच, 'बदलत राहायचं'. आइस्क्रीमच्या काडीवर तीन छोटे तुकडे चिकटवा, अशा चार काड्या करा, टोकाला टोक जोडून ठेवा. पुन्हा काय येतं ते डोळ्यांना दिसतं.

पाटीपेन्सिल: मग विचार काडीनंच केला की! मुलानं नुसत्या काड्या जोडल्या. सुटे तुकडे सलग लावून 'कुठे तोडू?' असं विचारा.

काडीपेटी: मान्य, पण दुसऱ्या आठवड्यात. आणि रांग गटाच्या मध्येच सोडा: गोल-गोल-चौकोन, गोल-गोल-चौकोन, गोल… इथे. गट पूर्ण करून सोडली तर मूल पहिल्या तुकड्यापासून नुसती नक्कल करत जातं.

गोलमटोल: एकरंगीच वापरणार असाल तर निदान चौकोन आणि आयत एका रांगेत नकोत. शिवाय चौकोन टोकावर उभा राहिला की मुलं त्याला पतंग म्हणतात, म्हणजे तिसराच आकार झाला. सुरुवातीला गोल आणि त्रिकोण पुरेत, चार-पाच सेंटिमीटरचे, जाड पुठ्ठ्याचे.

पाटीपेन्सिल: पुठ्ठ्याचं पटलं. तोरणासारखं दोन झेंडू-एक आंब्याचं पान ओवून घेणं छान दिसतं, पण चौथ्या जागेची चूक दहाव्या जागेला लक्षात आली तर सगळं उसवावं लागतं. पुठ्ठा नुसता उचलून बदलता येतो. रंगाचं मात्र अजून पटलेलं नाही.