कष्टाच्या कामांसारखा व्यायाम घरी कसा करावा?

प्रश्न: व्यायामशाळेचे शुल्क परवडत नाही. पाणी भरणे, पोती उचलणे, दळणे अशा कामांच्या हालचाली घरी व्यायाम म्हणून करता येतील का?

उत्तर: अवश्य येतील, आणि सुरुवात पाण्यानेच करावी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, त्यामुळे दोन बादल्यांत प्रत्येकी 5 लिटर घेऊन, पाठ ताठ व खांदे मागे ठेवून खोलीत फेऱ्या माराव्यात आणि सवय होईल तसे पाणी वाढवत न्यावे. या एकाच व्यायामात पकड, खांदे, पोट आणि पाय यांना काम मिळते, म्हणून मला तो सर्वांत मोलाचा वाटतो.

उत्तर: दळण्यासाठी चक्कीचालनासन, म्हणजे पाय पसरून बसून जाते फिरवल्यासारखे हात गोल फिरवण्याचे योगासन, आहेच. पोते म्हणून वाळूची घट्ट बांधलेली गोणी चालेल. मात्र ती उचलताना कंबरेतून वाकून झटका देऊ नये, गुडघे वाकवून गोणी अंगाजवळ घ्यावी व पायांच्या जोरावर उभे राहावे.

उत्तर: पाठदुखी किंवा हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान 2 दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सुचवते. तेव्हा रोज गोणी उचलण्याची आवश्यकता नाही.