मदत हवी आहे : फिल्म क्लबचं वार्तापत्र छापताना फोटो काळे पडतात

हौशी फिल्म क्लबचं आठ पानी वार्तापत्र आहे. ए-५ आकार, म्हणजे ए-४चे दोन कागद पाठपोट, मधे दोन पिना. प्रती फक्त ६०.

अडचण फोटोंची. १९२० बाय १०८० पिक्सेलची फ्रेम ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १६ सेंमी रुंद होते, ए-५ला पुरते. पण रात्रीच्या दृश्यांतल्या सावल्या कागदावर काळ्याठिक्कर! फोटो सीएमवायके (छपाईच्या चार शाया) करण्याआधी कर्व्ह्जमध्ये (उजेड-अंधार बदलायची सोय) त्या किती उजळाव्यात?

इनडिझाइनमध्ये (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) तुटणारी जोडाक्षरं त्यातलं वर्ल्ड-रेडी कंपोझर हे सेटिंग लावून सुधारली. फॉन्ट एम्बेड केलेली (फाइलमध्येच घातलेली) पीडीएफ प्रेसला पुरेल ना?

पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास इतक्या कमी प्रती डिजिटलवर, मॅट कागदावर कोण काढून देतं? (ग्लॉसी नको, ट्यूबलाइटखाली नुसता चमकतो.)