गिरणीवर १७ मिनिटांची शॉर्टफिल्म केलीय, खरा फीडबॅक कसा मिळवायचा?

कोरेगावकर
नमस्कार मंडळी. आम्ही पाच मित्रमैत्रिणी, सगळे सातारा जिल्ह्यातले, कोणीच फिल्मचं शिक्षण घेतलेलं नाही. गावातल्या पिठाच्या गिरणीत एक शॉर्टफिल्म शूट केलीय. खर्च साधारण १९ हजार झाला, त्यातला बराचसा जेवणखाण, पेट्रोल, भाड्याने घेतलेले दोन कॉलर माईक आणि गिरणीवाल्या काकांना लाईटबिलापोटी दिलेले पैसे. कॅमेरा म्हणजे मोबाईलच, एडिटिंग दा विंची रिझॉल्व्हच्या फुकटवाल्या व्हर्जनमध्ये.

स्टोरी अशी की गिरणीचे मालक आप्पा वारल्यावर त्यांची मुलगी पुण्याहून गावी येते, गिरण विकून टाकायचं ठरवते, पण एक म्हातारी रोज थोडं थोडं दळण घेऊन येतच राहते. शेवटी मुलगी स्वतः पट्टा चढवून गिरण चालू करते.

आता अडचण अशी आहे की ज्यांना ज्यांना दाखवली ते सगळे म्हणतात भारी झालीय, एक नंबर. घरचे, मित्र, कॉलेजचे सर, सगळे. ऐकायला बरं वाटतं पण त्यातून पुढे काय बदलायचं ते काहीच कळत नाही. आम्हाला ही फिल्म मनापासून चांगली करायची आहे, आमच्या गावातली अशी गोष्ट दुसरं कोणी सांगणार नाही. अनलिस्टेड लिंक खाली दिलीय. गिरणीतले डायलॉग नीट ऐकू येत नाहीत हे आम्हालाही जाणवतंय, नॉईज रिमूव्हल करून बघितलं तर आवाज विचित्र येतो. आणि पुढे फेस्टिव्हलला पाठवावी की सरळ यूट्यूबवर टाकावी?

ध्वनिवेडा
हेडफोन लावून पूर्ण बघितली. आधी जे आवडलं ते सांगतो, कौलातल्या काचेतून उन्हाचा कवडसा येतो आणि त्यात पीठ उडताना दिसतं तो शॉट. लाईट भाड्याने न आणता तुम्ही ती वेळ साधली, हे डोकं सगळ्यांकडे नसतं.

आता आवाज. ४:१० पासून मुलगी आणि तिचा भाऊ गिरणीच्या विक्रीवर बोलतात तो सीन मला निम्मा कळला नाही. नॉईज रिमूव्हलच्या मागे लागू नका, महागडं प्लगइन (एडिटिंगला जोडायचं जादा सॉफ्टवेअर) तर अजिबात घेऊ नका. गिरणीचा खडखडाट आणि माणसाचा आवाज एकाच फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात येतात, त्यामुळे एक काढायला गेलं की दुसरा पण सोलला जातो. उपाय म्हणजे डबिंग. छोट्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगा, पंखा बंद, फ्रिज बंद, तोच कॉलर माईक लावा, कलाकाराच्या एका कानात शूटचा मूळ आवाज ऐकवत एकेक वाक्य तीनचारदा म्हणून घ्या. एक गोष्ट मात्र नक्की करा, वाक्यं ओरडून म्हणायला लावा. गिरणीत माणसं वरच्या पट्टीत आणि तुटक बोलतात, अर्धं तर हाताने सांगतात. शांत खोलीत हळू आवाजात म्हटलेला डायलॉग नंतर गिरणीच्या आवाजावर चढवला की लगेच खोटा वाटतो.

मग परत गिरणीत जा आणि नुसते आवाज रेकॉर्ड करून आणा: मोटर चालू होतानाचा, पट्टा फिरतानाचा, दाणे ओतल्याचा, डब्यात पीठ पडतानाचा, प्रत्येकी मिनिटभर तरी. आणि मोटर बंद केल्यावर जी शांतता पडते ती पण घ्या, तुमच्या फिल्ममध्ये तो सगळ्यात महत्त्वाचा आवाज आहे आणि आत्ता तिथे म्युझिक टाकलंय. इथून पुढे कधी अशा जागी शूट केलं तर डायलॉगवेळी गिरण बंदच ठेवा आणि खडखडाट नंतर टाका.

आणखी एक, ट्यूबलाईटखालच्या सीनमध्ये आडवे पट्टे सरकताना दिसतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून मोबाईलच्या कॅमेऱ्यात सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवलं की ते सहसा जातात. तेवढा एक सीन परत घेता आला तर बघा.

मंजिरी_पुणे
मी एडिटिंग करते म्हणून फीडबॅकबद्दल लिहिते. तुम्ही ज्यांना दाखवलीत त्यांना गोष्ट आधीच माहीत होती, शिवाय ते तुमच्यावर प्रेम करणारे आहेत. ते भारीच म्हणणार. ज्यांनी स्क्रिप्ट वाचलेली नाही असे पाचसहा लोक शोधा, शक्यतो वेगवेगळ्या वयाचे, आणि फिल्म लावण्याआधी एक शब्दही समजावून सांगू नका. लोक बघत असताना तुम्ही स्क्रीनकडे नाही, त्यांच्याकडे बघा. कोण कुठे मोबाईल उचलतो, कोण कुठे शेजारच्याला काय झालं म्हणून विचारतो, ती वेळ लिहून ठेवा.

संपल्यावर "कशी वाटली" विचारायचं नाही. गोष्टीबद्दल विचारायचं. ही मुलगी कोण? आप्पांचं काय झालं? म्हातारी रोज का येते? कुठे वाटलं की आता पुरे? उत्तरं प्रत्येकाकडून आधी कागदावर घ्या, नाहीतर पहिला जो बोलतो त्याच्याच मागे बाकीचे जातात. तीन जण एकाच जागी अडखळले तर तिथे खरंच काहीतरी गडबड आहे. पण त्यावरचे उपाय ते सांगतील ते ऐकायलाच पाहिजेत असं नाही, उपाय तुम्हीच शोधायचा.

आता मी बाहेरची प्रेक्षक म्हणून सांगते. आप्पा वारलेत हे मला नवव्या मिनिटाला कळलं! हार घातलेला फोटो आहे पण तो मागे, धूसर, जेमतेम सेकंदभर. तोपर्यंत मी समजत होते की ते दवाखान्यात आहेत, त्यामुळे मुलीचा राग मला कळेना. तो फोटो नीट दिसू दे किंवा म्हातारीच्या तोंडी एक वाक्य घाला, डब करणारच आहात तर सहज जमेल. आणि सुरुवातीची अडीच मिनिटं, घाट, शेतं, बाईक, एसटी स्टँड, हे सगळं काढा. गिरणीच्या बंद दारापासून सुरू करा. ६:४० ला म्हातारी पोत्यावर बसून राहते तो शॉट पण निम्मा करा. १४ मिनिटांच्या आसपास फिल्म येईल आणि फेस्टिव्हलवाल्यांना पण छोटी फिल्म कार्यक्रमात बसवणं सोपं जातं.

फेस्टिव्हलचा विचार असेल तर यूट्यूबवर आत्ता पब्लिक करू नका, काही ठिकाणी आधी ऑनलाईन आलेली फिल्म घेत नाहीत. मुंबईचा मिफ (मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) १९९० पासून दर दोन वर्षांनी होतो, तिथे माहितीपट आणि अ‍ॅनिमेशनबरोबर लघुपटही घेतात, त्याचे नियम बघून ठेवा. दर महिन्याला बक्षिसं वाटणारे आणि फी घेणारे ऑनलाईन फेस्टिव्हल बरेच आहेत, तिथे पैसे घालवू नका.

आजोळ
मंजिरीताईंचं बाकी सगळं पटलं पण म्हातारीच्या शॉटला हात लावू नका असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. माझं लहानपण मिरजेजवळच्या गावात गेलं, गिरणीत नंबर लावून बसणं काय असतं ते मी बघितलंय. बायका तिथे निवांत बसायच्या, तेवढाच काय तो त्यांचा घराबाहेरचा वेळ. ही म्हातारी गरजेपेक्षा कमी दळण का आणते, तर उद्या परत यायला मिळावं म्हणून, हे मला त्या लांबलेल्या शॉटमधूनच समजलं, तोपर्यंत नाही. तो निम्मा केलात तर ती नुसती गरीब म्हातारी राहील.

मंजिरी_पुणे
आजोळ, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं आणि आता परत बघितल्यावर अगदी पटतंय. शॉट पूर्ण राहू दे. पण मग कोरेगावकर, त्याआधी तिचा डबा अर्धाच भरलेला दिसेल असा एखादा क्लोजअप आहे का? असेल तर तो आधी लावा, म्हणजे शहरातल्यांनाही कळेल.

टाळमृदंग
शेवटी जो अभंग वाजतो त्याबद्दल. शब्द तुकोबांचे म्हणजे मोकळे, पण रेकॉर्डिंग मोकळं नाही. १९५७ च्या कॉपीराईट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावर प्रकाशनापासून ६० वर्षं हक्क राहतो, चालीवर संगीतकाराचा हक्क वेगळा. यूट्यूब ते लगेच पकडेल आणि फेस्टिव्हलच्या फॉर्मवर संगीताचे हक्क आहेत का हे बहुतेक वेळा विचारतात. गावात भजनी मंडळ असेलच की. त्यांच्याकडून परंपरेच्या चालीत, नुसता पखवाज आणि टाळ घेऊन गाऊन घ्या, देवळात घुमतं तसंच घुमू दे, आणि परवानगीचा एक साधा कागद सहीनिशी करून ठेवा.

कोरेगावकर
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं बारकाईने आजवर कोणी बघितलं नव्हतं. अर्ध्या डब्याचा क्लोजअप आहे, एडिटमध्ये काढून टाकलेला, तो परत घेतो. सुरुवात काढणं जरा जड जाईल कारण तो घाट शूट करायला आम्ही पहाटे उठून गेलो होतो, पण बघणाऱ्याला त्याचं काय. भजनी मंडळात आमच्यातल्या एकाचे चुलते आहेत, त्यांना विचारतो. एकच शंका, मुलीचं काम करणारी मैत्रीण आता पुण्यात असते आणि भावाचं काम करणारा इथेच, तर दोघांचं डबिंग वेगवेगळ्या ठिकाणी केलं तर चालेल का?

ध्वनिवेडा
चालतं, पण भांडणाचा सीन आहे तो, समोर माणूस नसला की आवाजात धार येत नाही. ती सुट्टीला गावी येईल तेव्हा दोघांना एकाच खोलीत समोरासमोर उभं करा, बसवू नका. दोघांना वेगळे माईक लावा आणि एकमेकांच्या वाक्यावर वाक्य चढू देऊ नका, ते चढवणं नंतर एडिटमध्ये करता येतं. तोपर्यंत गिरणीचे आवाज आणून ठेवा.