आत्याच्या लॅपटॉपचं काय ठरलं?

आत्या: उद्या दुपारपर्यंत दुकानात कळवायचंय आणि घरात अजून कुणाचं एकमत नाही. आमच्या छोटीला लॅपटॉप घ्यायचाय, तिचं कॉलेज सोमवारी परत सुरू. प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचा मेंदू, इंटेलचा आय-फाइव्ह घेऊ की आय-सेव्हन? आय-सेव्हनला पाचव्या हिश्श्याने जास्त पैसे पडतायत. कुणीतरी नीट सांगा. मागच्या वेळसारखे दहा जणांचे दहा सल्ले आणि शेवटी बोलणी मी खायची, असं नको.

मोठे काका: वस्तू एकदाच घ्यायची असते. आय-सेव्हन घ्या. पाच वर्षं बघायला नको.

धाकटे काका: आणि सहाव्या वर्षी विकायला काढा. घेणारा म्हणेल, "आय-सेव्हन? वा!" आणि पैसे आय-थ्रीचे देईल 😄

वहिनी: आत्या, दोन्हींची पूर्ण नावं पाठवा ना. आय-फाइव्ह, आय-सेव्हन हे नुसतं आडनाव झालं. पुढचा नंबर आणि शेवटचं अक्षर हवं.

आतोबा: पहिला: आय-फाइव्ह १३३५यू, ८ जीबी रॅम (चालू कामाची मेमरी), ५१२ जीबी एसएसडी (साठवणीची वेगवान डिस्क). दुसरा: आय-सेव्हन १३५५यू, ८ जीबी रॅम, ५१२ एसएसडी. स्क्रीन, वजन, वॉरंटी सारखंच.

मोठी काकू: लॅपटॉपवरून आठवलं. भावजी, लग्नाच्या फोटोंची हार्ड डिस्क तुमच्याकडे गेली ती गेलीच. मी गेल्या दिवाळीपासून विचारतेय.

धाकटे काका: मोठ्या वहिनी, सुखरूप आहे. कपाटात आहे.

मोठी काकू: कुठल्या कपाटात ते तुम्हाला तरी माहीत आहे का?

वहिनी: आत्या, हे वाचा, थोडं लांब आहे. या दोन्ही प्रोसेसरमध्ये १०च कोअर, म्हणजे आतले काम करणारे भाग, आहेत, २ मोठे आणि ८ छोटे. कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेली छोटी मेमरी, दोन्हींत १२ एमबी. दोन्ही २०२३ च्या सुरुवातीला एकत्रच आले. मुख्य फरक कमाल वेगाचा: आय-फाइव्ह ४.६ गिगाहर्ट्‌झपर्यंत जातो, आय-सेव्हन ५ पर्यंत. म्हणजे फार तर नऊ टक्के. ग्राफिक्स आय-सेव्हनचं जरा बरं आहे, पण छोटीला गेम खेळायच्या नसतील तर त्याचा उपयोग नाही. आणि तो ५ चा वेगही काही क्षणच टिकतो. शेवटचं 'यू' म्हणजे कमी विजेवर चालणारी जात, १५ वॅटची. पातळ लॅपटॉपात तो तापला की स्वतःच वेग उतरवतो. काम लांबलं की दोघं जवळपास बरोबरीने चालतात.

मोठे काका: नऊ टक्के कमी असतात का? बँकेत नऊ टक्के मिळाले तर सगळे धावत जाल.

वहिनी: बाबा, ते नऊ टक्के फक्त प्रोसेसरच्या वाट्याच्या वेळावर मिळतात. समजा, छोटी १० मिनिटं कामात आहे. त्यातली ८ मिनिटं वाचण्यात, टाइप करण्यात, नेट येण्याची वाट बघण्यात जातात. प्रोसेसरचं खरं काम २ मिनिटांचं. तिथे नऊ टक्के वेग वाढला तर १० सेकंद वाचतात. १० मिनिटांत १० सेकंद. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेलं गणित याच वळणाचं आहे, आमच्या अभ्यासात पहिल्याच वर्षी होतं.

मोठे काका: पुस्तकी हिशोब वेगळा, अनुभव वेगळा. माझा लॅपटॉप बघा. त्या वेळी सगळ्यांत वरचा प्रोसेसर घेतला म्हणून आजही बटण दाबलं की चालू.

मोठी काकू: राहू द्या. पहिली दोन वर्षं बटण दाबून तुम्ही आंघोळीला जायचात. सूनबाईने आत एसएसडी बसवली तेव्हापासून तो लगेच उघडतो. प्रोसेसर तोच होता आधीही.

धाकटे काका: 🙈

ताई: आई बरोबर सांगतेय. जुनी हार्ड डिस्क सेकंदाला शे-दीडशे एमबी वाचायची, साधी एसएसडीसुद्धा पाचशेच्या वर वाचते. बाबा, त्या रविवारी वहिनी चार तास खाली बसून ते करत होती. तुम्ही "व्हायरस काढला" असं सगळ्यांना सांगितलंत.

मोठे काका: मी कुणाचं श्रेय घेतलेलं नाही. विषय आत्याच्या लॅपटॉपचा आहे.

मोठे काका: पुन्हा पाठवतो, वर गेलं असेल. वस्तू एकदाच घ्यायची असते. आय-सेव्हन घ्या. पाच वर्षं बघायला नको.

आत्या: दादा, वाचलं मी. पण ताई, तुझा आय-सेव्हनच आहे ना? मग तू का घेतलास?

ताई: आत्या, माझा १३७००एच आहे. 'एच' म्हणजे ४५ वॅटची जात. ६ मोठे आणि ८ छोटे कोअर. मी अर्ध्या तासाचा व्हिडिओ तयार करायला लावते तेव्हा सगळे कोअर एकदम राबतात, तिथे मला फरक कळतो. रोज दोन-तीनदा तेच काम असतं म्हणून जास्तीचे पैसे दिले, आणि परत घ्यायचा झाला तरी देईन. पण त्याचा पंखा ऐका कधीतरी. आणि बॅटरी दुपारपर्यंत टिकत नाही, चार्जर पाठीवर घेऊन हिंडते. छोटीला दिवसभर वर्गात बसायचंय.

मोठे काका: म्हणजे फरक कळतो. हेच मी म्हणत होतो.

ताई: बाबा, ते "एच"चं. आत्याच्या यादीत "यू" आहे!!

धाकटे काका: इंटेलऐवजी एएमडी कंपनीचा रायझन का नको? त्यात खूप कोअर देतात. माझ्या मित्राने रायझन फाइव्ह ७००० मालिका घेतली, एकदम नवी.

वहिनी: काका, रायझन चांगला आहे, पण ७००० मालिकेत तिसरा आकडा बघूनच घ्यायचा. ७५२०यू मधला २ म्हणजे झेन टू, २०१९ ची रचना, ४ कोअर. ७५३०यू मधला ३ म्हणजे झेन थ्री, ६ कोअर. दोन्हींवर स्टिकर "रायझन फाइव्ह" असाच. मित्राचा कुठला आहे?

धाकटे काका: विचारून सांगतो.

धाकटे काका: ७५२०. त्याला काही सांगत नाही मी. खूश आहे तो.

आतोबा: दुकानदार म्हणतो आय-सेव्हन "फ्युचर प्रूफ" आहे.

मोठे काका: तेच तर! पाच वर्षं बघायला नको.

वहिनी: या पाच वर्षांच्या मुद्द्यावर मला मनापासून बोलायचंय, कारण इथेच सगळ्यांचे पैसे जातात. विंडोज ११ आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने इंटेलची रेष आठव्या पिढीवर ओढली. सातव्या पिढीचे आय-सेव्हन, एखाददुसरा अपवाद सोडला तर, सगळे बाहेर. आठव्या पिढीचा आय-थ्री मात्र आत. ज्यांनी "वरचा" म्हणून जास्त मोजले होते, त्यांचेही लॅपटॉप विंडोज १० वरच राहिले, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला. वय पिढीवरून मोजलं गेलं. आत्याकडचे दोन्ही तेराव्या पिढीचे आहेत, नंबरातले पहिले १३ बघा. बाद व्हायचे तर बरोबरच होतील.

ताई: 👏👏

मोठे काका: हल्ली मोठ्यांनी काही सांगायचीच सोय राहिली नाही. ठीक आहे. तुमचं तुम्ही बघा.

वहिनी: बाबा, तसं नका म्हणू. पैसे वाया जाऊ नयेत असंच तुम्हीही म्हणताय ना. मीही तेच म्हणतेय.

आजी (बोलून टाइप केलेलं): पोरीला विचारलं का कुणी तिला काय अडतंय ते सगळे आपापलं सांगताय

आत्या: छोटे, बोल गं. आहेस ना ग्रुपवर?

छोटी: आहे. सकाळपासून वाचतेय. मी स्टॅटिस्टिक्सला आहे. आत्ता आईचा जुना लॅपटॉप वापरते, तो अडकतो. माउससुद्धा हलत नाही मधेच. तेवढंच मला नको आहे. नाव काही असू दे.

वहिनी: मस्त. आता असं कर. नेहमी जे जे उघडतेस ते सगळं उघड. मग कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाब. टास्क मॅनेजर येईल. त्यात परफॉर्मन्स. अडकला की बघ, सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम), डिस्क, तिघांचे आकडे सांग.

मोठी काकू: भावजी, कपाट उघडलंत का?

धाकटे काका: ऑफिसात आहे.

छोटी: केलं. दोन एक्सेल, एक पीडीएफ, वर्गाचा व्हिडिओ कॉल आणि ब्राउझरमध्ये २७ टॅब. सीपीयू २२ टक्के. मेमरी ७.४ / ७.८. डिस्क १००. तिसरी एक्सेल उघडली तर पंधरा सेकंद सगळंच गोठलं, तेव्हाही सीपीयू ३० च्या वर गेला नाही.

वहिनी: हेच बघायचं होतं! आत्या, प्रोसेसर २२ टक्क्यांवर निवांत आहे. रॅम भरलीय. रॅम भरली की विंडोज जास्तीचा पसारा डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं, म्हणून डिस्क १०० वर जाते आणि माउस गोठतो. त्यात तुमच्या जुन्यात डिस्कही फिरती आहे. नव्यात एसएसडी असल्याने इतका वेळ गोठणार नाही, पण ८ जीबी तिथेही अशीच भरेल, मग आय-फाइव्ह घ्या की आय-सेव्हन. म्हणून यादीबाहेरचा तिसरा पर्याय मागा: तोच आय-फाइव्ह, १६ जीबी रॅमसह.

आतोबा: ७.८ का? ८ आहे ना?

वहिनी: थोडी हार्डवेअर स्वतःसाठी राखून ठेवतं, मुख्यतः ग्राफिक्ससाठी. खराब नाही ती.

ताई: १६ ही काही चैन नाही आता. मायक्रोसॉफ्टने कोपायलट प्लस नावाच्या एआयवाल्या लॅपटॉपची अटच १६ जीबीची ठेवली, आणि ॲपलनेही ऑक्टोबर २०२४ पासून मॅकबुक एअर १६ पासूनच द्यायला सुरुवात केली.

आतोबा: आत्ता ८ घेऊन पुढे वाढवली तर?

वहिनी: काका, त्यासाठीच दुकानात एक प्रश्न विचाराच: रॅम बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे झाळून पक्की बसवलेली आहे, की काढता-घालता येणाऱ्या स्लॉटमध्ये? सोल्डर असेल तर जन्मभर तीच. रॅमच्या नावात एलपीडीडीआर (कमी विजेवर चालणारी जात) लिहिलेलं असेल तर जवळपास नक्की सोल्डर. स्लॉट असेल तर ८-८ च्या दोन पट्ट्या आहेत का बघा. दोन पट्ट्या जोडीने चालल्या की या प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्सही सुधारतं.

मोठे काका: सगळं मान्य. पण पुढे छोटीला मोठी गणितं करायला लागली तर? वस्तू एकदाच घ्यायची असते.

छोटी: मोठे मामा, मोठी गणितं विभागाच्या लॅबमध्ये होतात. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय. घरी लिहायचं आणि छोट्या नमुन्यावर तपासायचं.

मोठे काका: मग ते आधी सांगायचं ना बाळा.

छोटी: कुणी विचारलं नाही 🙂

आत्या: दुकानात फोन केला. १३३५यू मध्ये १६ जीबीचा आहे, स्लॉटवाला, दोन पट्ट्या. आय-सेव्हनपेक्षा स्वस्त! आधी दाखवलाच नव्हता. आम्ही प्रोसेसरच विचारत बसलो म्हणून तो प्रोसेसरच दाखवत बसला. तोच सांगितलाय. सूनबाई, उद्या माझ्याबरोबर येशील का? मला परत सगळं विचारता नाही येणार.

वहिनी: येते. चारनंतर. बिल करायच्या आधी तिथेच टास्क मॅनेजर उघडून दाखवायला सांगू. मेमरीच्या पानावर "स्लॉट्स यूज्ड" २ पैकी २ असं दिसलं की मगच पैसे द्यायचे.

मोठे काका: मीही येतो. वॉरंटीचा कागद नीट वाचायला माणूस पाहिजे.

आत्या: ये दादा. तू नसलास तर त्यांच्याशी घासाघीस कोण करणार.

धाकटे काका: हार्ड डिस्क सापडली!! कपाटातच होती. केबल नाही.

मोठी काकू: केबल माझ्याकडेच आहे. डिस्क घेऊन या.